फुकटची नको, पुऱ्या दाबाची वीज द्या



सप्टेंबरात पाऊस दडी मारतो. पऱ्हाटी पात्या-फुलांवर असते, खालची बोंडे भरायच्या बेतात असतात आणि काळ्या जमिनीला भेगा पडू लागतात. त्या आठवड्यात अकोला, अकोट, तेल्हारा, पातूर, बार्शिटाकळी, कुठेही जा. रिवायंडिंगच्या दुकानासमोर मोटरींची रांग दिसेल. हरभऱ्याच्या पेरणीनंतर तीच रांग पुन्हा लागते. दुकानदार मोटर उघडतो, काळी पडलेली तार दाखवतो आणि म्हणतो, "जळाली." कोणी जाळली हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. काही हजार रुपये मोजायचे, मोटर भरून आणायची, गाडीवर टाकून वावरात न्यायची. मधल्या आठ-दहा दिवसांत जे फूल गळाले ते कोणाच्याच वहीत मांडले जात नाही.

कार्यालयात गेले की उत्तर ठरलेले: तुमची मोटरच हलकी होती, तुम्ही आकडे टाकता, तुम्हाला वापरता येत नाही. म्हणजे चोर आपण, अडाणी आपण आणि दंडही आपणच भरायचा. आमचे म्हणणे साधे आहे. वऱ्हाडात जळणाऱ्या मोटरींपैकी फार मोठा वाटा कमी व्होल्टेजचा आहे. कमी व्होल्टेज म्हणजे काही देवाची करणी नव्हे. तो दोष मोजता येतो आणि मोजला की नेमका कुठे बसला आहे तेही सापडते. जोवर आपण तो मोजून लिहून ठेवत नाही तोवर जळालेली मोटर आपल्याच खात्यावर पडत राहणार.

कोणी म्हणेल, आम्ही तर कोरडवाहू. कापूस, ज्वारी, तूर पेरणाऱ्याला मोटरीचे काय घेणे? घेणे फार आहे. बारमाही बागाइतवाल्याची मोटर चार दिवस बंद पडली तर त्याचे नुकसान होते. कोरडवाहूवाल्याला वर्षात एक-दोनच ओलिते द्यायची असतात आणि तीही नेमक्या आठवड्यात. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणी पिकाच्या कामाचे नाही. नाल्यात किंवा शेततळ्यात साठलेले गोडे पाणी, तेही थोडे दिवस. ते पाणी डोळ्यांसमोर असताना मोटर नुसतीच भुणभुणत राहिली तर वर्षाची कमाई त्या भुणभुणीत गेली.

मोटर का जळते

तीन फेजच्या मोटरीला आपल्याकडे दोन फेजांमध्ये ४१५ व्होल्ट मिळायला हवेत. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत, नियम ५४ मध्ये, लघुदाबाच्या पुरवठ्यात सहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडू नये असे लिहिले होते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २००५ च्या कृती मानकांतही हीच सहा टक्क्यांची रेघ आली. ४१५ ला सहा टक्के खाली आणि सहा टक्के वर, म्हणजे ३९० ते ४४०. हे दोन आकडे स्टार्टरच्या पेटीवर खडूने लिहून ठेवा.

आता आपल्या वावरात काय येते? रात्रीच्या पाळीत सगळे पंप सुरू झाले की ३४०, ३२०, कुठे ३००. तीनशेला काय होते ते समजून घ्या. मोटरीची ओढण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. व्होल्टेज वीस टक्के पडले तर ताकद ६४ टक्के राहते. ४१५ चे ३०० झाले तर ताकद निम्म्यावर येते. बैलाला अर्धी वैरण घातली आणि ओझे तेवढेच ठेवले तर बैल बसतो. मोटरीला बसता येत नाही. ती तेवढेच पाणी उपसायला जास्त अँपियर ओढते. पाच हॉर्सपॉवरची मोटर पुऱ्या व्होल्टेजला साडेसात-आठ अँपियर घेते. तीनशे व्होल्टला तेच काम रेटायला ती अकराच्या आसपास जाते. तारेत तयार होणारी उष्णता अँपियरच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तारेवरच्या आवरणाचा कारागिरांचा ठोकताळा असा की तापमान दहा अंश वाढले की आयुष्य निम्मे होते. मोटर एका रात्रीत जळाली असे आपल्याला वाटते, पण ती आधीच्या दहा रात्री शिजत असते.

हरभऱ्याला तुषार संच लावणाऱ्यांना तर मीटरचीही गरज नाही. मोटरीचा वेग उतरला की पाइपातला दाब त्याहून जास्त उतरतो. फवारे फिरायचे थांबतात, नोझलमधून पाणी नुसते ओघळते आणि दांडाजवळ चिखल होतो. फवारा फिरेना म्हणजे व्होल्टेज पडले, निदान आधी तेच तपासावे.

स्टार्टरला हे सगळे कळते. त्यात एक कॉइल असते, तिला नो-व्होल्ट कॉइल म्हणतात. व्होल्टेज फार पडले की ती स्टार्टर धरून ठेवत नाही, सोडून देते. मोटर वाचावी म्हणूनच ती बसवलेली असते. पण पाळी रात्रीची, पाणी तोडायचे, स्टार्टर दर पाच मिनिटाला पडतो, मग कोणीतरी त्यात काडी खोचतो किंवा दोरीने बांधून टाकतो. ओव्हरलोडची पट्टी शेवटपर्यंत पिळून ठेवतो, नाहीतर काढूनच टाकतो. दोन फेज असले तरी कपॅसिटर लावून मोटर फिरवतो. याला कार्यालयातले साहेब अडाणीपणा म्हणतात. आम्ही म्हणतो, ज्याला आठवड्यात तीन रात्री पाणी मिळणार आहे त्याने त्या रात्री मोटर वाचवायची की पीक, हा निवाडा साहेबांनी एकदा वावरात उभे राहून करून दाखवावा. तरीही काडी काढाच. काडी खोचलेल्या स्टार्टरसमोर तक्रार टिकत नाही. वायरमन येतो, काडी दाखवतो आणि निघून जातो.

जिनिंगची मोटर आणि आपली मोटर

हाच आपला कापूस अकोल्याच्या जिनिंगमध्ये जातो. तिथेही मोटरी आहेत. मोठ्या कारखान्यांत आता मोटरीच्या आधी ड्राइव्ह नावाची पेटी असते. ती येणाऱ्या तीन फेजच्या विजेची आधी डीसी करते. ४१५ व्होल्टची साधारण ५६० व्होल्ट डीसी होते. मग त्यातून मोटरीला पाहिजे त्या वेगाची वीज तयार करून देते. बाहेरचे व्होल्टेज पडले, एखादा फेज गेला, की आतले डीसी खाली येते. ते ठरलेल्या रेषेखाली गेले की पेटी मोटर बंद करते आणि पडद्यावर 'अंडर व्होल्टेज' असे दाखवते. कारखान्याचा इलेक्ट्रिशियन येतो. आधी तिन्ही फेज एकमेकांशी मोजतो, फ्यूज पाहतो, मुख्य स्विचचे आणि काँटॅक्टरचे तोंड जळाले का पाहतो, टर्मिनलचे स्क्रू कसतो. बाहेरची वीज पुरी आणि तरी दोष येतो, तर पेटीच्या आतले डीसी मोजतो. ते काम मुख्य वीज बंद करून काही मिनिटे थांबल्याशिवाय कोणी करू नये, कारण आतले कपॅसिटर वीज धरून बसलेले असतात आणि माणूस मारतात. मोटर सुरू होतानाच दोष येत असेल तर तो वेग चढायची वेळ वाढवतो. शेवटी रजिस्टरात लिहितो: अमुक वेळी, अमुक व्होल्ट, अमुक दोष.

फरक कुठे आहे ते पाहा. कारखान्याकडे उच्चदाबाचे कनेक्शन, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, दोष ओळखणारी पेटी आणि लिहिणारा माणूस. त्यामुळे कारखान्याची मोटर थांबते. आपल्याकडे सोळा जणांत एक डीपी, किलोमीटरभर लोंबणारी तार आणि काडी खोचलेला स्टार्टर. त्यामुळे आपली मोटर जळते. आम्ही जिनिंगवाल्यांशी भांडायला उठलेलो नाही. त्यांना जे मिळते ते मिळालेच पाहिजे. पण कापूस वेचल्यानंतरच्या मोटरीला एक न्याय आणि कापूस पिकवणाऱ्या मोटरीला दुसरा, हे कोणत्या कायद्यात लिहिले आहे ते दाखवा.

डीपीचा हिशेब

आता हिशेब मांडू. ६३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर घ्या. पाच हॉर्सपॉवरचा एक पंप चालताना साधारण पावणेसहा ते सहा केव्हीए घेतो. म्हणजे त्या डीपीवर दहा पंप बसतात, अकरावा ओढाताणीने. तीन हॉर्सपॉवरचे धरले तर सोळा बसतात. आता कागद काढून पाहा. कागदावर तीन हॉर्सपॉवरचे सोळा पंप आहेत आणि सगळे नियमात आहे. विहिरीवर जाऊन पाहा, सोळाही पाचचे. झाले ९३ केव्हीए, ट्रान्सफॉर्मर ६३ चा.

हे असे का झाले? महाराष्ट्रात १९७७ च्या सुमारास शेतीपंपांना मीटरऐवजी हॉर्सपॉवरवर आकारणी आली. जितकी हॉर्सपॉवर तितके बिल. मग बाजारात पाचच्या मोटरीवर तीनची पाटी मिळू लागली. पाटी ठोकणारा, विकणारा, जोडणी देणारा, सगळ्यांना माहीत होते. पुढे व्होल्टेज पडायला लागले, तेव्हा पाचची मोटर पाणी ओढेना; कास्तकाराने साडेसातची आणली. साडेसातने आणखी व्होल्टेज पाडले. शेजाऱ्याची पाचची जळाली, त्यानेही साडेसातची आणली. कमी व्होल्टेजनेच जास्त भाराला जन्म दिला आणि जास्त भाराने आणखी कमी व्होल्टेजला. या फेऱ्यात एकटा कास्तकार शहाणा झाला तरी सुटत नाही. त्याने प्रामाणिकपणे तीनची मोटर ठेवली तर पहिली तीच जळते.

त्यात तार. डीपीपासून किलोमीटरभर ॲल्युमिनियमची तार नेली आणि टोकाला पाच पंप आहेत असे धरा. प्रत्येकी आठ अँपियर, एकूण चाळीस. अशा तारेचा रोध किलोमीटरला साधारण एक ओहम धरला तर एकट्या तारेतच सत्तरेक व्होल्ट खाल्ले जातात. डीपीखाली ४१५ असले तरी टोकाच्या विहिरीवर ३४५. डीपीच वाकलेला असला आणि तिथेच ३८० असतील तर टोकाला ३१०. त्या टोकाच्या कास्तकाराची मोटर दर हंगामाला जळते आणि डीपीजवळच्याची पाच-पाच वर्षे टिकते. गावात मग म्हणतात, त्याचे नशीबच खोटे. नशिबाचा प्रश्नच नाही, तारेची लांबी मोजा.

आणि ऑटो स्विच. वीज येताच मोटर आपोआप सुरू. रात्री बारा वाजता कोण उठणार, म्हणून बसवला. त्यात चूक म्हणावे असे काही नाही. पण मोटर सुरू होताना सहापट अँपियर घेते. सोळा मोटरी एकाच सेकंदाला उठल्या तर सोळा गुणिले आठ गुणिले सहा, म्हणजे ७६८ अँपियरची मागणी. ६३ केव्हीएच्या डीपीची पूर्ण क्षमता ८४ अँपियर. वीज येते, मोटरी नुसत्या हुंकारतात, एकही धड उठत नाही, फ्यूज जातो किंवा डीपीच जातो. मग साऱ्या गावाचे ओलीत बुडते. यावर उपाय स्वस्त आहे. ऑटो स्विच ठेवायचाच असेल तर त्यासोबत टायमर लावा. डीपीवरच्या सोळा जणांनी एका ओट्यावर बसून ठरवावे: पहिल्याची दोन मिनिटांनी, दुसऱ्याची चार मिनिटांनी, तिसऱ्याची सहा मिनिटांनी. शिवाय प्रत्येक पंपाला कपॅसिटर लावा, तीन हॉर्सपॉवरला एक केव्हीएआर, पाचला दोन, साडेसातला तीन. कपॅसिटरने तारेतून वाहणारा फुकटचा प्रवाह कमी होतो, टोकाचे व्होल्टेज काहीसे वर येते. एकट्याने लावून फारसा फरक दिसत नाही, सोळा जणांनी लावला तर दिसतो. आकड्यांचेही तेच. आकडा टाकणारा सरकारची वीज खातो असे त्याला वाटते, प्रत्यक्षात तो शेजाऱ्याचे व्होल्टेज खातो. हे आम्ही सभेत तोंडावर बोलतो, इथेही लिहितो.

दोष कुठे आहे हे कसे शोधावे

गावात एक टोंग टेस्टर पाहिजे. सोळा जणांनी वर्गणी काढली तर जड नाही. वापरायला गावातला शिकलेला इलेक्ट्रिशियन घ्या. ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर, एकट्याने रात्री हे काम करायचे नाही. डीपीवर चढायचे नाही, डीओ पाडायचा-लावायचा नाही. ते वायरमनचे काम आहे आणि त्यासाठीच त्याला बोलवायचे. वऱ्हाडात त्या खांबावर गेलेली पोरे कमी नाहीत.

पहिले मोजमाप मोटर बंद असताना स्टार्टरवर. तिन्ही जोड्या मोजा: पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-पहिला. तिन्ही सारख्या आणि ३९० च्या वर असल्या तर बरे. मग मोटर सुरू करून तेच परत. बंद असताना पुरे व्होल्टेज आणि तुमची एकट्याची मोटर सुरू होताच धाडकन खाली, शेजाऱ्याचे मात्र ठीक, तर दोष तुमच्या बाजूला: खांबावरून येणारी वायर बारीक आहे, जोड सैल आहे, किटकॅटची तार कुठे जळकी आहे किंवा स्टार्टरचे काँटॅक्ट खड्डे पडून काळे झाले आहेत. जोडाला हात न लावता तो जास्त तापला का ते कळते. रंग उडालेला, वितळलेला प्लास्टिक दिसतो, वास येतो. हे आपले आपण दुरुस्त करायचे. मंडळावर ढकलायचे नाही.

तुमच्यासोबत सगळ्यांचेच पडते, आणि टोकाला जास्त, डीपीजवळ कमी, तर दोष तारेचा. जोडांजोडांनी भरलेली जुनी तार, काळ्या जमिनीत कललेले खांब, झाडाला घासणारे फेज. डीपीच्या खालीच, पहिल्या खांबाजवळच्या विहिरीवर, मोजले आणि तिथेही सगळे पंप सुरू असताना ३८० च्या खाली असेल, तर डीपीवर भार जास्त आहे किंवा मागून ११ केव्हीचीच वीज कमी येते आहे. दोन्हींत फरक कसा ओळखावा? पंप सगळे बंद करून पुन्हा मोजा. तेव्हाही कमीच असेल तर दोष डीपीच्या मागचा, फीडरचा.

एक जोडी ठीक आणि दोन जोड्या फार कमी, मोटर भुणभुणते पण उठत नाही, तर एक फेज गेलेला आहे. बहुधा कुठला जंपर तुटलेला. अशा वेळी मोटर ताबडतोब बंद. कमी व्होल्टेजने मोटर दिवसांनी जळते, एका फेजवाचून मिनिटांत. त्यासाठी सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर मिळतो, तो बसवाच. तो मोटर भरण्याच्या खर्चापेक्षा स्वस्त पडतो.

ज्यांनी सौर पंप घेतला त्यांना वाटते, आता या कटकटीतून सुटलो. पुष्कळसे सुटलेही. दिवसा पाणी, बिल नाही, डीपी नाही. पण सौर पंपाची कंट्रोलर पेटी म्हणजे जिनिंगच्या त्या ड्राइव्हचीच धाकटी बहीण आहे. ढग आले, पाटांवर धूळ बसली, एखाद्या पाटाचा जोड सैल झाला, की तिलाही व्होल्टेज कमी पडते. ती मोटरीचा वेग कमी करते आणि मग थांबवते. सकाळी दहाच्या आधी थांबली तर घाबरू नका. भर उन्हात दुपारी बाराला थांबली तर आधी पाटा धुवा, मग पडद्यावरचा दोषाचा आकडा जसाच्या तसा लिहून घ्या आणि तक्रार करताना तोच आकडा सांगा. 'बंद पडला' एवढे सांगितले तर माणूस येतो आणि पेटी पाहून जातो. आकडा सांगितला तर सामान घेऊन येतो.

अनुशेष व्होल्टचा का मोजला नाही

१९८४ साली दांडेकर समितीचा अहवाल आला आणि विदर्भ किती मागे आहे हे सरकारने पहिल्यांदा आकड्यांत मांडले. ग्रामीण विद्युतीकरण हा त्यातला एक रकाना होता. पुढे पंपांच्या जोडण्यांचा अनुशेष हा शब्द पुढाऱ्यांच्या भाषणात रुळला. चांगले झाले. पण मोजले काय? गावात खांब गेला का आणि पंपाला जोडणी दिली का. त्या जोडणीत किती व्होल्ट येतात याला रकानाच नव्हता. आमचे मत असे की तिथेच गोम आहे. जोडण्यांचा आकडा भरायचा म्हणून आहे त्या डीपीवरून आणखी तार ओढली, आणखी पंप टांगले. अनुशेष कागदावर भरला आणि वावरात व्होल्टेज रिकामे झाले. बाळापूर तालुक्यात पारसला २५० मेगावॉटचे दोन संच वीज तयार करतात. चिमणी आपल्याला वावरातून दिसते. पण वीज तयार करणे आणि पुऱ्या दाबाने पोचवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामाचा खर्च कोणी काढत नाही, कारण त्याचे उद्घाटन करता येत नाही.

उपाय कोणाला माहीत नाही असेही नाही. २०१८ साली उच्चदाब वितरण प्रणाली आणली. ११ केव्हीची तार वावरापर्यंत न्यायची आणि एक-दोन पंपांना एक छोटा ट्रान्सफॉर्मर द्यायचा. ११ केव्हीला तेवढ्याच कामासाठी तारेतून सव्वीसपट कमी अँपियर वाहतात, म्हणून तार व्होल्टेज खात नाही. आणि डीपी दोघांचाच असल्याने आकडा टाकायला तिसऱ्याची हिंमत होत नाही. योजना शास्त्रशुद्ध होती. पण ती नव्या, खोळंबलेल्या जोडण्यांसाठी. जुन्या डीपीवरचे सोळा जण सोळाच राहिले.

मग २०२४ साली साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांची वीज फुकट झाली, एप्रिल २०२४ ते मार्च २०२९. राज्यातले सुमारे ४४ लाख पंप. सभा झाल्या, फलक लागले. आम्हाला विचारले तर आम्ही सांगू: बिल तसेही भाव पाडून कधीच वसूल केलेले आहे, ते माफ केले हा उपकार नाही. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की फुकट वस्तूची तक्रार करता येत नाही. दुकानात पैसे मोजून घेतलेली सरकी किडकी निघाली तर परत नेता येते. दानात मिळालेली वैरण सडकी निघाली तर काय बोलणार? तीनशे व्होल्टची फुकट वीज घेऊन वर्षाला एकदा मोटर भरायची, यात कास्तकाराला काय वाचले ते कोणीही पाटीवर मांडून दाखवावे.

पण कायद्याने ती फुकटही नाही. २००३ च्या विद्युत कायद्याचे कलम ६५ सांगते की सरकारला कोणाला सवलत द्यायची तर तिची रक्कम कंपनीला आगाऊ द्यायची. म्हणजे आपल्या विजेचे पैसे कंपनीला कोणीतरी देणार आहे. पैसे दिलेल्या ग्राहकाचे सगळे हक्क आपल्याला आहेत. कलम ५७ प्रमाणे सेवेची मानके पाळली नाहीत तर ग्राहकाला भरपाई. २००५ च्या कृती मानकांत ग्रामीण भागात जळालेला डीपी ४८ तासांत बदलायचा आणि त्यानंतर उशिराच्या प्रत्येक तासाला ५० रुपये असे लिहिले होते. पुढे विनियम नवे आले. तक्रार करताना चालू विनियमांतला तक्ता मागून घ्या आणि अर्जाला जोडा. कलम ४२ प्रमाणे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, आणि तिथे न्याय मिळाला नाही तर विद्युत लोकपाल. विदर्भासाठी तो नागपूरला बसतो. वकील लावावा लागत नाही. पण तिथे "व्होल्टेज कमी येते साहेब" चालत नाही. तारीख, वेळ आणि व्होल्ट लागतात.

आणि आता तर कंपनीच्या हातातही हे आकडे येत आहेत. २०२१ च्या केंद्राच्या सुधारित वितरण योजनेत फीडरवर आणि ट्रान्सफॉर्मरवर स्मार्ट मीटर बसवायचे ठरले. असा मीटर व्होल्टेजची नोंद ठेवतो. आमची मागणी एवढीच: ज्या शेतीच्या डीपीवर तो मीटर बसेल त्याची महिन्याची व्होल्टेजची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. ज्या डीपीवर पंप चालू असताना ३९० च्या खाली जाते तो डीपी भारापेक्षा लहान आहे असे कागदावर धरा, खरी हॉर्सपॉवर नोंदवणाऱ्या कास्तकाराला दंड न करता ती नोंदवून घ्या आणि त्या हिशेबाने डीपी वाढवा. त्या काळात जळालेल्या मोटरीची भरपाई द्या. फुकटचा एक रुपया नको.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने एक साधी वही आणावी. एका डीपीला एक पान. वर डीपीचा क्रमांक, क्षमता, किती पंप, त्यांची पाटीवरची नव्हे तर खरी हॉर्सपॉवर, आणि डीपीपासून टोकाच्या विहिरीपर्यंतचे अंतर पावलांनी मोजून. खाली सात दिवसांच्या नोंदी: तारीख, वेळ, तिन्ही जोड्यांचे व्होल्ट मोटर बंद असताना आणि चालू असताना, डीपीजवळच्या विहिरीवर आणि टोकाच्या विहिरीवर. शेवटी गेल्या तीन वर्षांत त्या डीपीवर कोणाची मोटर किती वेळा भरली, किती रुपयांना, आणि दुकानाची पावती असेल तर तिची झेरॉक्स. खारपाणपट्ट्यातल्या गावांनी शेततळ्यावरचे आणि नाल्यावरचे पंप वेगळे लिहावेत. तालुकावार वह्या एकत्र करून त्याचा एकच तक्ता बैठकीत तयार करायचा आहे. बाळापूर, पातूर आणि बार्शिटाकळीच्या कार्यकर्त्यांनी सकाळी दहाच्या आधी पोचावे, त्यांची गावे जास्त आहेत.